कंबरेत उसण भरली. गोळी कोणती घ्यावी?

वाकून पाण्याची घागर उचलताना, मोटारसायकलला किक मारताना, कधी कधी तर नुसते शिंकताना कंबरेत कळ येते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. आपल्याकडे याला 'उसण भरली' म्हणतात. कोणी 'चमक निघाली' म्हणतो, कोणी 'कंबर धरली'. नाव कोणतेही असो, पुढचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. घरातले कोणीतरी औषधांच्या दुकानात जाते आणि सांगते, "कंबर दुखतेय, एखादी जोरदार गोळी द्या." दुकानदारही पट्टीतून चार गोळ्या कापून कागदाच्या पाकिटात घालून देतो. त्या गोळीत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ती कोणाच्या पोटात जाणार आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

सर्वांत जोरदार गोळी कोणती, हा प्रश्न मला दवाखान्यात तर रोज विचारतात. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या प्रवासात आणि एकदा तर स्मशानातही विचारला गेला आहे. त्याचे उत्तर अनेकांना आवडत नाही. दुखणे कमी करण्याच्या बाबतीत या गोळ्यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो त्यांच्यापासून होणाऱ्या त्रासात, आणि तो त्रास कोणाला होईल हे गोळीइतकेच घेणाऱ्यावरही अवलंबून असते. म्हणून आज या गोळ्यांची एकमेकींशी तुलना करू या.

प्रथम हे स्पष्ट करतो की आपण ताज्या कंबरदुखीबद्दल बोलत आहोत. बरगड्यांच्या खालपासून कुल्ल्यांपर्यंतच्या भागात नव्याने सुरू झालेले, सहा आठवड्यांच्या आतले दुखणे. वर्षानुवर्षांची कंबरदुखी हा वेगळा विषय आहे. अशा ताज्या दुखण्यात बहुतेक वेळा स्नायू, अस्थिबंध किंवा मणक्यांचे बारीक सांधे दुखावलेले असतात. नेमके कोणते, हे एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि ते कळल्याने उपचारही बदलत नाहीत. दिलासा देणारी गोष्ट अशी, की बहुसंख्य रुग्णांचे दुखणे काही दिवसांत उतरू लागते आणि महिना-दीड महिन्यात बरेचसे जाते, मग गोळी कोणतीही घेतलेली असो. कंबर बरी करण्याचे काम शरीरच करते. गोळीचे काम एवढेच, की तेवढ्या काळात माणसाला उठता-बसता यावे, झोप लागावी आणि चार पावले चालता यावे.

गोळ्यांची दोन घराणी

दुकानात मिळणाऱ्या साध्या वेदनाशामक गोळ्या दोन घराण्यांतल्या असतात. पहिले घराणे पॅरासिटामॉलचे. क्रोसिन हे त्याचे घरोघरी ठाऊक असलेले नाव. दुसरे घराणे सूज कमी करणाऱ्या औषधांचे. ब्रुफेन या नावाने ओळखले जाणारे आयबुप्रोफेन, व्होवेरानमधले डायक्लोफेनॅक, तसेच एसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब ही सारी भावंडे या दुसऱ्या घराण्यातली. नावे आणि रंग निराळे, पण काम करण्याची रीत एकच.

ही रीत इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडून दाखवली आणि पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इजा झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखते. ही औषधे त्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. पण याच जातीची द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडांतला रक्तप्रवाह राखतात. गोळीला कंबर कोणती आणि जठर कोणते, हे कळत नाही. ती सगळीकडेच निर्मिती रोखते. यापुढे ज्या ज्या धोक्यांबद्दल लिहिणार आहे त्यांतले बहुतेक या एका गोष्टीतून निघतात.

तुलना केली तेव्हा काय आढळले

अनेक वर्षे आम्ही डॉक्टर मंडळी कंबरदुखीला आधी पॅरासिटामॉल द्यावे असे मानत होतो, कारण ते जठराला सौम्य. मग ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. काहींना नियमित पॅरासिटामॉल, काहींना लागेल तेव्हा पॅरासिटामॉल आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. बरे होण्यास पहिल्या दोन गटांना सरासरी १७ दिवस लागले आणि औषध नसलेल्या गटाला १६. त्यानंतर इंग्लंडच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ताज्या कंबरदुखीसाठी एकटे पॅरासिटामॉल देऊ नये असे सांगण्यात आले. याचा अर्थ पॅरासिटामॉल निरुपयोगी आहे असा नव्हे. ताप, डोकेदुखी, दातदुखी यांत ते चांगलेच आहे. ज्यांना दुसऱ्या घराण्यातल्या गोळ्या चालत नाहीत त्यांच्यापुढे पर्यायही तेच असते आणि काहींना त्याने बरे वाटते. फक्त कंबरेसाठी त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये.

सूज कमी करणाऱ्या गोळ्या कंबरदुखीला उपयोगी पडतात, पण किती? अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेला हिशेब सांगतो, की वेदना ० ते १०० या मापावर मोजली तर औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरासरी सुमारे ७ अंकांनी अधिक आराम पडतो. सात! जाहिरातीतला माणूस गोळी घेताच पोते खांद्यावर टाकून चालू लागतो, तसे काही घडत नाही.

मग या भावंडांत थोरला कोण? न्यू यॉर्कमधील डॉक्टरांनी तातडीच्या विभागात कंबरदुखी घेऊन आलेल्या १९८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला आयबुप्रोफेन ६०० मि.ग्रॅ., दुसऱ्याला केटोरोलॅक १० मि.ग्रॅ. आणि तिसऱ्याला डायक्लोफेनॅक ५० मि.ग्रॅ. दिले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवसांनी हालचाल किती सुधारली हे पाहिले तेव्हा तिघांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. काही दुय्यम बाबतींत केटोरोलॅक थोडे उजवे वाटले. पण हे औषध जठराला आणि मूत्रपिंडांना कडक म्हणून ओळखले जाते आणि पाच दिवसांपुढे देऊ नये असा त्याचा नियमच आहे. आमच्या भागात ते दाढदुखीवर सर्रास घेतले जाते, आणि 'दातावर चालली तर कंबरेवर का नाही' म्हणून उरलेली पट्टी वापरणारेही भेटतात.

मिश्रणाचा मोह

एका गोळीने भागत नसेल तर दोन औषधे एकत्र केल्याने भागेल, असे कोणालाही वाटेल. आपल्या बाजारात याच समजुतीवर चालणाऱ्या गोळ्या सर्वाधिक. एसिक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल, त्यात स्नायू सैल करणारे क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड, कधी सूज उतरवणारे म्हणून सेराशिओपेप्टिडेज. गोळी जितकी लांब आणि महाग, तितका तिच्यावर विश्वास अधिक.

अभ्यास मात्र वेगळेच सांगतात. न्यू यॉर्कमध्येच ३२३ रुग्णांना नेप्रोक्सेन दिले. त्याच्या जोडीला काहींना स्नायू सैल करणारे औषध, काहींना अफूच्या जातीचे ऑक्सिकोडोन व पॅरासिटामॉल, तर काहींना औषध नसलेली गोळी दिली. एका आठवड्याने तिन्ही गट सारखेच होते. हे २०१५ चे. पुढे २०१९ मध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला टिझानिडीनसह तीन निरनिराळी स्नायू सैल करणारी औषधे देऊन पाहिली, २०२० मध्ये आयबुप्रोफेनला पॅरासिटामॉलची जोड देऊन पाहिली. एकट्या आयबुप्रोफेनपेक्षा अधिक फायदा कशातच दिसला नाही. सेराशिओपेप्टिडेजची गोष्ट तर अशी, की जपानमधील त्याच्या मूळ उत्पादकांनीच पुरेसा गुण दिसून न आल्याने २०११ मध्ये तिथल्या बाजारातून ते मागे घेतले. आपल्याकडे ते अजून जोमाने चालते.

या स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी एक गोष्ट नक्की होते, ती म्हणजे गुंगी. टिझानिडीन घेऊन ट्रॅक्टर चालवणे, विहिरीवर काम करणे किंवा रात्रपाळी करणे धोक्याचे आहे. रक्तदाबही त्याने खाली येतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना तर ते घ्यायचेच नसते. थायोकोल्चिकोसाइड गरोदरपणात वर्ज्य आहे आणि इतरांनीही सात दिवसांपुढे घेऊ नये. रात्री झोपच लागत नसेल तर मी क्वचित एखाद्याला दोन-तीन रात्रींपुरते असे औषध देतो. सरसकट देत नाही.

ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ आणि सवय हे सारे त्यांच्यासोबत येते. भारतात २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. ऑस्ट्रेलियात ताज्या कंबर व मानदुखीच्या ३४७ रुग्णांवर ऑक्सिकोडोनयुक्त औषधाचा अभ्यास झाला. २०२३ च्या त्या अहवालानुसार सहा आठवड्यांनी त्याचा औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

आणि सुई? "डॉक्टर, गोळी नको, एक सुईच मारा," हे वाक्य दिवसातून पाचदा कानावर येते. सुईने आराम थोडा लवकर पडत असेल, पण औषध तेच असते. सुई घेतली म्हणजे जठर वाचले, ही समजूतही चुकीची आहे. जठराचे अस्तर दुबळे होते ते रक्तातून पोचलेल्या औषधामुळे. त्यामुळे ते तोंडातून गेले काय आणि कुल्ल्यातून गेले काय, परिणाम चुकत नाही. शिवाय सुईच्या जागी गळू होण्याची आणि क्वचित पायाच्या शिरेला इजा होण्याची भीती असते.

घेणारा कोण, हे आधी पाहावे

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावातून पासष्टीच्या एक आजीबाई आल्या. चेहरा पांढरा फटक, जिना चढताना धाप. दहा-बारा दिवसांपूर्वी भाताच्या लावणीत कंबर धरली होती. गावातल्या दुकानातून आणलेली एक गोळी दिवसातून दोनदा चालू होती. मुलगा पुण्याहून आला, त्याने आणखी 'चांगल्या कंपनीची' आणली. तीही दोनदा. मी दोन्ही पट्ट्या मागवून घेतल्या. नावे वेगळी, आत मात्र दोन्हींत एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. म्हणजे त्या दुप्पट मात्रा घेत होत्या. त्यात हृदयासाठी रोजची ॲस्पिरिनची छोटी गोळी. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, पण "लोहाच्या गोळीनं होत असेल" म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. हिमोग्लोबिन ६ भरले. जठरातल्या जखमेतून रक्त जात होते. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, रक्त चढवावे लागले. आता बऱ्या आहेत. कंबर तर त्याआधीच बरी झाली होती.

म्हणून पट्टीच्या मागचे बारीक अक्षर वाचायला शिका. मोठ्या अक्षरातले नाव कंपनीने ठेवलेले असते, खालचे बारीक अक्षर हे औषधाचे खरे नाव असते. दोन पट्ट्यांवर तेच किंवा त्याच घराण्यातले नाव असेल तर एकच घ्यायची. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. तिच्यावर आणखी क्रोसिन घेणारे अनेक आहेत. पॅरासिटामॉल सर्व मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे कधीही जाऊ नये. कृश, वृद्ध, यकृताचे दुखणे असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाने तर त्याच्या बरेच अलीकडे थांबावे.

साठीच्या पुढचे लोक, पूर्वी जठरात जखम झालेले, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध घेणारे, यांना जठराचा धोका अधिक. त्यांना ही गोळी द्यावीच लागली तर जोडीला पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात. तिने जठर बरेचसे सांभाळले जाते. मूत्रपिंड आणि हृदय सांभाळणे मात्र तिच्या आवाक्यात नाही, हे लक्षात ठेवावे.

मूत्रपिंडाची गोष्ट अधिक चोरटी, कारण दुखत काहीच नाही. बाजार समितीत हमाली करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ एप्रिलच्या उन्हात पाठ धरून आले होते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध, अशी एकत्र गोळी ते रोज घेत. त्यावर आठवडाभर डायक्लोफेनॅक, आणि घामाने अंगातले पाणी कमी झालेले. पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन ३ च्या वर गेले होते. वेदनाशामक थांबवले, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पाण्याचे आणि बाकी औषधांचे प्रमाण बसवले, तेव्हा आठ-दहा दिवसांत ते खाली आले. रक्तदाबाची ही दोन औषधे आणि तिसरी वेदनाशामक गोळी, या त्रिकुटाबद्दल मी माझ्या प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाला बजावून ठेवतो. शिवाय या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

जाता जाता एक आठवण करून देतो. आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली, त्याचे कारण हेच डायक्लोफेनॅक. ते टोचलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, पण ते जातिवंत दगडाचेही नाही.

हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक आणि इटोरिकॉक्सिब टाळावे. रोफेकॉक्सिब नावाचे याच घराण्यातले औषध हृदयाला धोका दिसल्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले होते. हृदयाच्या दृष्टीने नेप्रोक्सेन त्यातल्या त्यात बरे समजतात, परंतु जठराला ते सौम्य नाही. दम्याच्या काही रुग्णांना या घराण्यातल्या कोणत्याही गोळीने दम्याचा झटका येतो. पूर्वी असे झाले असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदर स्त्रियांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, या गोळ्या घेऊ नयेत. त्यांना पॅरासिटामॉल, तेही विचारून.

मी स्वतः काय देतो

तिशी-चाळिशीचा, एरवी धडधाकट माणूस असेल तर आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, तीन ते पाच दिवस. किंवा नेप्रोक्सेन दिवसातून दोनदा. एकच औषध, कमीत कमी मात्रा. दुखणे उतरले की पट्टी संपवण्याचा आग्रह नको. प्रतिजैविकांचा नियम इथे लागू नाही. निमेसुलाइड मी देत नाही. यकृताला त्याच्यापासून क्वचित गंभीर इजा होते, बारा वर्षांखालील मुलांसाठी तर २०११ पासून आपल्याकडे त्याला बंदीच आहे. पाठ आणि पोट दोन्ही जपावे लागणाऱ्या वृद्धांना शेक, पॅरासिटामॉल आणि वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम एवढ्यावरही बऱ्याचदा भागते. मलमाचे औषध रक्तात फार थोडे जाते.

गोळीइतकेच महत्त्व चालण्या-फिरण्याला आहे. हेलसिंकी शहराच्या नोकरांवर केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा आणि मुद्दाम व्यायाम केलेल्यांपेक्षा, जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सुधारले. फळीवर आठवडाभर निजवून ठेवण्याचा काळ गेला. ओझे उचलू नये, वाकून कामे करू नयेत, पण घरात फिरावे, जेवायला ताटावर बसण्याऐवजी खुर्चीवर बसावे.

आता काही लक्षणे अशी, की ती असताना गोळी घेऊन वाट पाहायची नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय डोळ्यांपुढे आला पाहिजे. आपल्या देशात तो अजून आहे. पूर्वी कर्करोग झालेला असणे, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेले असणे, वृद्धाचे पडणे, यांतही तपासणी आधी. पाठीकडून जांघेत उतरणारी, माणसाला गडबडा लोळायला लावणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. आणि पावसाळ्यात ताप येऊन अंग व कंबर मोडून येत असेल तर ती डेंग्यूची सुरुवात असू शकते. डेंग्यूत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो. रक्ततपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये.